साडेतीन बोटं

दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला थांबलो,
वर पाहिलं
तर मी मेलेला होतो.

म्हणजे फोटो माझा नव्हता.
शालनचा होता, भिंतीएवढा,
डोळ्यांत पाणी, नाकाचा शेंडा लाल,
आणि बाजूला पिवळ्या अक्षरांत :
‘ते अचानक गेले. आता आधार कुणाचा?’
खाली कुठल्याशा पतसंस्थेचं नाव,
हप्ता महिना दोनशे एक.

सिग्नल हिरवा झाला, मागचे हॉर्न मारत सुटले.
मी तिथंच.
मयताला कसली घाई?

खरं सांगतो, ती रडत नव्हती.
तो उद्यमनगरातल्या मिसळीचा कट होता.
मी रिटायर झालो त्या दिवशी
हिनं ईर्षेनं तिसरी वाटी मागितली,
वाढप्या म्हणाला, ‘मावशी, झेपंल न्हवं?’
आणि हिला ठसका लागला, हसूही फुटलं,
दोन्ही एकदम.
धाकट्या प्रणोतीनं तेवढ्यात टिपलं
आणि नेटवर टाकलं, चार नातेवाईक हसावेत म्हणून.
खाली आत्याबाईंनी लिहिलेलं :
‘पाणी द्या गं कुणीतरी तिला.’

तिथनं कुणी उचललं, देव जाणे.
मिसळ कापली. ब्रेडचे स्लाइस कापले.
मग मला कापलं, उभा.
छत्तीस वर्षं लेथवर काढलीत,
कट कसा मारायचा ते मला कळतं.
सफाईचं काम होतं.
कुठं बर म्हणून राहिली नव्हती.

जाधववाडीची मावसबहीण डोळे पुसत आली,
मला चहा पिताना बघून खवळली.
बँकेत हयातीचा दाखला द्यायला गेलो,
मशीन म्हणालं, अंगठा पुन्हा ठेवा.
पुन्हा ठेवला.
पुन्हा ठेवा.

शालनला गाडीवर मागं बसवून नेलं, दाखवलं.
ती बराच वेळ बघत राहिली.
मी कुठं गेलो ते तिनं विचारलंच नाही.
‘कुंकू पुसलंय,’ म्हणाली.
तेवढंच. घरापर्यंत तेवढंच.

शाहूपुरीत त्यांचं ऑफिस, एसी गार.
पोरगा म्हणाला, ‘काका, नेटवरचं फ्रीच असतंय.
आणि ह्या काकूच कशावरनं?
अशा दिसणाऱ्या लई बायका असत्यात.’
शालन म्हणाली, ‘मोठा कर की फोटो.’
त्यानं केला.
‘अजून. खांदा दाव.’
पदराच्या काठावर, साडीच्याच रंगात बुडून,
चार बोटं. नाही, तीन. आणि एक अर्धं.
मी माझा हात त्याच्या टेबलावर ठेवला.
ब्याण्णव साली चक जाम झालेला,
त्या दिवसाचा हात.
साडेतीन पीठांतलं एक हे गाव,
इथं साडेतीनचा हिशेब सहसा चुकत नाही.

पोरगा एकदा स्क्रीन बघी, एकदा टेबल.
मग साहेब आले, चहा आला.
‘वर्षभराचे हप्ते आमच्याकडून, काकू.’
‘कुणाच्या नावावर?’ शालन म्हणाली,
‘ह्यांच्या? गेले की ते.’

आठ दिवसांनी फ्लेक्स उतरला.
वाया काही जात नाही आपल्यात,
आता तो कळंब्याकडे एका रसवंतीवर ताणलाय,
छापील बाजू आत.
आम्ही बाकड्यावर बसलो तर
डोक्यावर तीच, रडत.
रस पिता पिता हिनं पर्स उघडली,
टिकलीचं पाकीट काढलं,
टाचा उंच केल्या. हात पोचेना.
मग मी स्टुलावर चढलो.
ताडपत्रीएवढं कपाळ, त्याच्यावर टिकली
मोहरीसारखी दिसत होती,
अर्ध्या बोटानं दाबून बसवली.
‘काका, पडशीला,’ रसवाला ओरडला,
‘उगं जीव जाईल.’
‘एकदा गेलाय,’ म्हटलं.

खाली उतरलो.
शालन त्याला सांगत होती,
दुसऱ्या ग्लासात बर्फ नको, आलं जरा जास्त घाल.